दिवेलागणीच्या आत घरी

बैलगाडीच्या चाकांवर लिहा, असं दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं. पनवेलच्या चाकांचं एके काळी मोठं नाव होतं, घाटावरून लोक चाकं न्यायला यायचे, हे आता कोणाला ठाऊक नाही म्हणाले. खरं आहे. मी लिहायला बसलो तर चाकाच्या आधी आमचे भावोजीच डोळ्यांपुढे आले. त्यांना बाजूला सारून चाकावर लिहिणं मला जमणार नाही. तेव्हा दोन्ही एकत्रच वाचा.

माझी शाळा तिसरीत सुटली. मास्तरांनी काढलं नाही, मीच सोडली. त्यामुळे एकेक वाक्य मला दोनदा तासावं लागतं. चाकाचा आराही मी दोनदाच तासायचो, त्यात मला कमीपणा वाटत नाही.

आमचा चाकांचा कारखाना वडाळे तळ्याच्या अंगाला होता. कारखाना म्हणजे चार खांब, वर कौलं आणि पुढे मोकळं अंगण. चाक कसं होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मध्ये बाभळीचा जाड तुंबा, त्यातून चहूकडे निघालेले आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर लाकडाचा गोल घेर. या घेरावर बाहेरून लोखंडाची पट्टी चढवायची, तिला धाव म्हणतात. धाव मुद्दाम चाकापेक्षा जराशी लहान करायची. मग ती गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, म्हणजे फुगते. फुगली की चौघांनी सांडशीत धरून उचलायची, चाकावर बसवायची, आणि लाकूड पेटायच्या आत वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि सगळे सांधे करकरून एकमेकांत बसतात. सगळा खेळ चार माणसांच्या हातांचा. एकानं उशीर केला तर चाक जळलं म्हणून समजा.

आता भावोजी.

माझ्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. लढाईत मोटारलॉरी चालवायला गेले, ते ब्रह्मदेशाच्या चिखलात काही वर्षं काढून आले. पलटणीत ते लान्स नाईक होते, पण पनवेलनं त्यांना हवालदार केलं आणि शेवटपर्यंत हवालदारच ठेवलं. पनवेलनं एकदा नाव ठेवलं की ते सरकारलाही बदलता येत नाही. त्यांना आईबाप नव्हते, म्हणून लढाईभर ताई आमच्याकडेच होती. भावोजी शेवटच्या रजेवर आले तेव्हा त्यांचा मुलगा पाळण्यात होता. ते परत गेल्यावर, पोर चालायला लागल्यावर, तापानं गेलं.

हे त्यांना कोणी कळवलं नाही. आमच्यात तशी रीतच होती. माणूस परमुलखात असला तर घरचं मरण त्याला कळवायचं नाही. तिथे त्याला धरायला कोणी नसतं. तो घरी आला, उंबऱ्यावर पाय धुतले, दोन घोट पाणी प्याला, की मग वडीलधाऱ्यानं सांगायचं. आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही रीत पाळली. पत्रात सर्व खुशाल म्हणून लिहून घेतलं.

लढाई संपल्यावर भावोजी सुटून आले ते मुंबईहून लाँचनं उलव्याला उतरले. त्यांना आणायला आबांनी मला गाडी घेऊन पाठवलं. निघताना बजावलं, "वाटंत कायपण बोलायचं नाय. घरी आल्यावर मी हाय."

उलव्याच्या धक्क्यावर मी त्यांना ओळखलं नाही, त्यांनीच मला ओळखलं. काळे पडले होते. खांद्याला हिरवी पिशवी, आणि हातात लाकडाची एक लहान लॉरी. पेटीच्या फळ्या तासून त्यांनी ती स्वतः केली होती. रंग दिला होता, दिवेसुद्धा रंगवले होते. चाकं मात्र वेडीवाकडी. सुताराच्या पोराचं लक्ष आधी चाकांकडेच जाणार.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "धर्मा, या अंगाला ये. डावा कान तोफेनं खाल्ला. उजव्यात बोल."

मी बैलांच्या मागे बसलो होतो. म्हटलं, "बैल बुजतात भावोजी, जागा बदलता येत नाय."

दोन्ही बाजूंना मिठागरं, मधून आमची वाट. ते लॉरी मांडीवर घेऊन बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पोरगा धावत असंल आता?"

मी बैलांना हाक दिली. त्यांना वाटलं असेल, मला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "बोलतो का रे? का आईसारखा घुमा हाय?"

मी पुन्हा बैलांशीच बोललो. बैल बिचारे सरळ चालले होते, त्यांना हाका मारायचं काही कारण नव्हतं. भावोजी काही वेळ माझ्या पाठीकडे बघत राहिले असतील, मला दिसत नव्हतं. मग त्यांनी विचारणंच बंद केलं. पनवेलच्या अलीकडे नदीला पाणी होतं तिथे म्हणाले, "थांबव." खाली उतरले, तोंडावर पाणी मारलं, बराच वेळ वाकून राहिले. वर आले ते लॉरी पिशवीत टाकूनच. म्हणाले, "चल."

घरी आबांनी पाय धुवायला पाणी दिलं आणि सांगायला तोंड उघडलं, तर भावोजीच म्हणाले, "ऱ्हावं द्या आबा. धर्मानं सांगितलं."

मी तर एक शब्द बोललो नव्हतो. आबांनी माझ्याकडे बघितलं, पण ते मला कधी रागावले नाहीत. रीत चांगली की वाईट, हे मी आजही सांगू शकत नाही. परमुलखात कळलं असतं तर त्या माणसाचं काय झालं असतं, कोण जाणे. पण ती वाट आठवली की अजून मला बैलांना हाका माराव्याशा वाटतात.

ताई आतल्या दाराशी उभी होती. भावोजी तिला एवढंच म्हणाले, "आता दिवेलागणीला मी घरीच." पुढे त्यांचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर चाललं.

त्या काळी लॉरी चालवणारा माणूस म्हणजे सोनं. रस्त्याला लॉऱ्या वाढत होत्या, पलटणीतला ड्रायव्हर म्हटला की शेठलोक घरी येऊन बोलवायचे. पण लॉरी म्हणजे आज पुणं, उद्या सातारा, रात्र कुठल्यातरी ढाब्यावरच्या बाजेवर. भावोजी सगळ्यांना नाही म्हणाले. आणि एक दिवस ती लाकडी लॉरी घेऊन आमच्या कारखान्यात आले. आबांपुढे ठेवली.

"आबा, याची चाकं सरळ करायला शिकवा."

आबांनी चाक बोटानं फिरवलं. "जावईबापू, ही चाकं नायत, ह्या भाकऱ्या हायेत. त्यापण दुसऱ्या दिवसाच्या."

भावोजी हसले. आल्यापासून ते प्रथमच हसलेले मी पाहिले. त्या दिवसापासून ते आमच्यात घणावर उभे राहिले. जावयानं सासऱ्याच्या हाताखाली राबावं याला लोकांनी नावं ठेवली. भावोजी म्हणायचे, "साहेबाच्या हाताखाली राबलो तवा कोण बोललं नाय." लाकडी लॉरीची चाकं आबांनी नवीन करून दिली. पुढे भावोजींना तीन मुली झाल्या, तिघीही त्या लॉरीशी खेळून वाढल्या.

सुरुवातीला एक चाक त्यांनी जाळलं. धाव चढवताना आबा ओरडले, "सोड!" भावोजींचा डावा कान आबांकडे, ऐकायला कुठे येणार? बाकी तिघांनी सोडली, यांनी धरून ठेवली. धाव एका बाजूला कलली, लाकडानं पेट घेतला. घाटावरच्या गिऱ्हाइकाचं चाक. आबा काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. भावोजींनी ऐकून घेतलं, निदान एका कानानं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि हाताच्या खुणा शिकवल्या. मूठ वर म्हणजे उचला. पंजा खाली म्हणजे टेकवा. बोटं उघडली की सोडा. पलटणीत आवाज चालत नसे तेव्हा असंच काम करायचे म्हणाले.

आबांना आधी हा पोरखेळ वाटला. पण खुणेचा एक गुण असा की तिच्यासाठी चौघांना एकमेकांकडे बघावंच लागतं. ओरडून सांगितलं की कान ऐकतात, डोळे कुठेही भटकतात. आमच्या धावा अशा बसायला लागल्या की शेजारचे कारखानदार येऊन बघायचे. त्यांच्याकडे आरडाओरडा, शिव्या, आणि आमच्याकडे फक्त आगीचा आणि पाण्याचा चर्र आवाज. लोकांनी आम्हाला 'मुक्यांचा कारखाना' नाव ठेवलं. एक गिऱ्हाईक तर खरंच माझ्याशी हातवारे करून भाव करत होतं. मीही हातवारे करूनच नाही म्हणालो.

गिऱ्हाइकांतला मला आवडलेला माणूस म्हणजे घाटावरचा महादू गाडीवान. नवीन चाकं नेली आणि आठ दिवसांत परत आला. म्हणाला, "मिस्त्री, तुमचं चाक लई झ्याक हाय, पर मुकं हाय."

बाहेरच्यांना सांगतो, बैलगाडीचं चाक बोलतं. तुंब्यातल्या लोखंडी नळीत आस, म्हणजे गाडीचा कणा, बसतो आणि चाक त्याच्यावर फिरतं. तिथे केसभर जागा ठेवली की चाक चालताना आसावर डावं उजवं आपटतं आणि ठक्क ठक्क आवाज येतो. जागा जास्त ठेवली तर चाक लडबडतं, कमी ठेवली तर गप्प. प्रत्येक गाडीवानाला आपला आवाज वेगळा हवा असायचा.

मी महादूला म्हटलं, "मुकं असलं तर बैलांना त्रास कमी."

"बैलांचं बरोबर हाय. पर बायकूला कसं कळायचं? ओढ्याच्या अंगानं गाडी वाजली की ती तवा टाकती. ह्या आठ दिसांत रोज गार भाकर खातूय."

भावोजी उजवा कान पुढे करून ऐकत होते. महादूची चाकं त्यांनी स्वतः खोलली, मी नळी घासून दिली. मग गाडी तळ्याभोवती फिरवली. आवाज बरोबर लागला की नाही हे भावोजींना एका कानानं नीट कळणार नव्हतं, म्हणून त्यांनी साटीवर, गाडीच्या लाकडी सांगाड्यावर, पालथा हात ठेवला आणि गाडीबरोबर चालत राहिले. आवाज त्यांच्या हाताला लागत होता. महादूनं मान डोलावली तेव्हा भावोजींनीही डोलावली. नंतर कितीतरी दिवस ते मधूनच म्हणायचे, "तवा टाकती म्हणाला."

घरातला हवालदार म्हणजे पनवेलला एक गंमतच होती. संध्याकाळी ओट्यावर तिघी मुलींना ओळीनं बसवून हा माणूस वेण्या घालायचा. घण मारणारे ते हात, पण केसाची बट कधी ओढली जायची नाही. रस्त्यानं जाणारा एखादा म्हणायचाच, "काय हवालदार, बंदूक सोडून फणी धरली?"

"बंदूक कोणपण धरतो. तू हिची वेणी घालून दाव, रडली नाय तर तुला सलाम ठोकतो."

ताईला बरं नसलं की पेज करायचे, धाकटीला खांद्यावर घेऊन शाळेत सोडायचे. गावाबाहेर लग्न असलं तर अक्षता टाकून, पंगतीला न थांबता परत. यजमान रुसायचे. मीही एकदा म्हणालो, "भावोजी, एक रात्र राहिलात तर काय घर पळून जाणार हाय?"

ते म्हणाले, "मागं गेलो तवा पळालंच ना अर्धं."



पुढे आबा गेले आणि कारखाना माझ्याकडे आला. आणि बैलगाडीचे दिवस भरत आले. लॉऱ्या वाढल्या, गाड्यांनाही रबरी टायर लागू लागले. अंगणातली गोवऱ्यांची आग आधी रोज पेटायची, मग बाजाराच्या दिवशी, मग कधीमधी. मी मात्र मानायला तयार नव्हतो. म्हणायचो, रबर फाटतं, लाकूड फाटत नाही. लॉरीला मी लॉरी म्हणत नसे, डबा म्हणत असे. मी आयुष्यात डब्यात बसणार नाही, असं चारचौघांत बोलून बसलो होतो.

तेव्हाच एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठनं पुन्हा भावोजींना बोलावणं धाडलं. मुली मोठ्या होत होत्या, थोरलीचं लग्नाचं वय झालं होतं. शेठची गाडी पुण्याला जायची, म्हणजे रात्रीचा मुक्काम आलाच. भावोजी पुन्हा नाही म्हणाले, आणि मला आनंद झाला. मला वाटलं, ते दिवेलागणीच्या शब्दासाठी नाही म्हणतायत.

ताई कारखान्यात कधी येत नसे. त्या दिवशी आली. अंगणात विझलेल्या राखेत आमचं कुत्रं निजलं होतं, तिनं त्याच्याकडे बघितलं.

"धर्मा, ह्यांना सोड."

"मी कुठं बांधून ठेवलंय?"

"चौथा माणूस गेला तर धाव कशी उचलणार, धर्माचा कारखाना बंद पडंल, असं म्हणतात ते. करंजा बंदरावरचा सुक्या मासळीचा यापारी दिवसाच्या फेऱ्यांना ड्रायव्हर बघतोय. सकाळी जायचं, सांजच्याला परत. ते ह्यांनी मला सांगितलंसुदीक नाय, मला बाजारात कळलं."

"मासळीच्या डब्यावर जातील? पलटणीतला माणूस?"

"पलटणीत काय अत्तर वाहत व्हते?" ताई म्हणाली. "तुझा हट्ट हाय, आन् पोरी माझ्या हायेत."

मला राग आला. दोन दिवस मी भावोजींशी बोललो नाही, आणि मुक्यांच्या कारखान्यात ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक धाव चढवायची होती, एकच. आम्ही चौघांनी ती चढवली. पाणी ओतल्यावर वाफ निवली, तेव्हा मी भावोजींपुढे हात धरला आणि बोटं उघडली. सोडा.

त्यांनी आधी चाकाकडे बघितलं. धाव तर कधीच बसली होती. मग माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. म्हणाले, "आन् तुझं?"

"माझं मी बघीन."

भावोजी करंज्याच्या गाडीवर जाऊ लागले. पगार पुण्याच्या गाडीपेक्षा बराच कमी होता. सकाळी जायचे, सुकी मासळी भरून दिवेलागणीच्या आत यायचे. अंगाला बोंबलाचा वास. मुली नाकाला पदर लावून हसायच्या, ते त्यांच्या मागे धावायचे. सगळं नीट बसलं असं मला वाटलं. मी मात्र डब्याकडे तोंड वळवून बघत नव्हतो.

एक दिवस संध्याकाळी ताईकडे गेलो तर ती रस्त्यावर उभी. हातांना पीठ. लांबून लॉरी आली, ती दोन पावलं पुढे गेली. लॉरी निघून गेली. ती मागे आली. आत जाऊन परातीत हात घातला, तोच दुसरी लॉरी वाजली, पुन्हा बाहेर. चुलीवरची भाकरी करपली होती. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"सगळ्या मेल्या एकसारख्याच वाजतात," ती म्हणाली. "आपली कंची ते कळंत नाय."

"येतील ना. रोज येतात."

ताईनं माझ्याकडे बघितलं. "ते ल्हान्याला ठेवून गेले तवापण मी येतील येतील म्हणूनच बसली व्हती ना. ते येईपर्यंत मला बसवत नाय रे. त्यांना सांगू नको, गाडी सोडतील."

गाडी सोडतील, हे तिचं बरोबर होतं. मी घरी न जाता सरळ कारखान्यात गेलो. एका मोडीत आलेल्या धावेचा तुकडा होता, माझ्याच बापाच्या हातचा. भट्टी लावली. त्याची जाड कडी वळली आणि तिच्यात एक खीळ सैल सोडली, केसभर जागा ठेवून. सकाळी भावोजी गाडी काढण्याआधीच जाऊन उभा राहिलो आणि लॉरीच्या खाली, मागच्या अंगाला, ती टांगली. पहिल्यांदा डब्याला हात लावला.

"काय करतोस रं धर्मा?"

"तुमची गाडी मुकी हाय. बायकोला तवा कधी टाकायचा ते कळत नाय."

भावोजी वर चढले. गाडी सुरू केली, जरा पुढे नेली, बंद केली आणि खाली उतरून मला म्हणाले, "हाकतोस?"

"मला कुठं येतं?"

"मंग ढकल."

मी आणि शेजारचे दोघे, आम्ही ती भरली नसलेली लॉरी सरळ रस्त्यावर ढकलत नेली, आणि भावोजी मागच्या फळीवर पालथा हात ठेवून बरोबर चालत आले. कडी खणखण बोलत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली, त्यांनीही डोलावली.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम ताईकडे जाऊन बसलो. एक लॉरी गेली, दुसरी गेली. ताई ओट्यावर चुळबुळत होती. मग तळ्याच्या वळणावरून आवाज आला. लॉरी अजून दिसतही नव्हती. ताई उठली, माझ्याकडे न बघता आत गेली, आणि मला तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज आला.

भावोजी आले, पाय धुतले, उजवा कान माझ्याकडे करून बसले. "कुठवर ऐकू आली?"

"वळणापासून."

"नाक्यापासून आली पायजे," ते म्हणाले. "उद्या जड कर."

मी जड केली. अर्धं पनवेल वैतागलं. मग सवय झाली, आणि त्या आळीतल्या बायका कडी वाजली की दिवे लावू लागल्या.

माझा कारखाना पुढे बंद झाला. भावोजीही गेले, स्वतःच्या घरात, ताईच्या समोर, दिवसाउजेडी. माझ्या हातची चाकं कुठे कुठे गेली, कोणाच्या चुलीत जळली, मला माहीत नाही. कडी मात्र लॉरी मोडीत निघाली तेव्हा भावोजींनी काढून आणली होती. ती ताईच्या दाराला आहे. ताई आता थकली आहे, डोळ्यांना दिसत नाही. पण दार ढकलून कोणी आत आलं आणि कडी बोलली, की ती बसल्या जागेवरून विचारते, "जेवलास का?"